पटकीचे विष शोधणारे प्राध्यापक डॉ. शंभुनाथ दे

पटकीने, म्हणजेच कॉलऱ्याने, माणूस नेमका कशामुळे मरतो या प्रश्नाचे बरोबर उत्तर १९५९ साली कोलकात्यात मिळाले. ते शोधणारे डॉ. शंभुनाथ दे हे तेथील मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. ज्या रोगाच्या भीतीने आपल्याकडच्या गावांनी मरीआईचे गाडे शिवेपार नेऊन सोडले आणि ज्याच्यासाठी पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना लस टोचून घ्यावी लागली, त्या रोगाचे कोडे सोडवणाऱ्या या माणसाचे नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडलेले असते. त्यांचे काम समजायला मात्र मुळीच अवघड नाही. ते सगळे एका प्रश्नाभोवती फिरते: पटकीचे विष शोधायचे असेल, तर ते प्राण्याच्या शरीरात कोठे घालून पाहायचे?

शंभुनाथांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. गावातील शाळा, मग हुगळीचे मोहसीन कॉलेज आणि तेथून शिष्यवृत्तीच्या आधाराने कोलकात्याचे मेडिकल कॉलेज, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. १९३९ साली ते डॉक्टर झाले आणि १९४२ साली त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांची पदविका घेतली. त्याच वर्षी ते मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्रात्यक्षिक शिक्षक म्हणून रुजू झाले. रोगाने शरीराच्या पेशींत, अवयवांत काय बदल होतात ते पाहणारी ही वैद्यकाची शाखा आहे. तिच्यात रुग्णाचे आभार वाट्याला येत नाहीत आणि पैसाही फारसा मिळत नाही. तरीही पुढची तीस वर्षे त्यांनी याच विषयाच्या अध्यापनात काढली.

१९४७ साली ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात गेले आणि प्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच. डी. घेऊन परतले. तेथे त्यांनी अभ्यासलेले विषय पटकीपासून दूरचे वाटतात: मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठून होणारा विकार आणि मज्जासंस्थेला इजा झाल्यावर फुप्फुसांत भरणारे पाणी. मला मात्र या दोन विषयांत आणि पुढच्या पटकीच्या कामात एक सरळ धागा दिसतो. शरीरातील पाणी आपली जागा सोडून भलतीकडे का जाते, हाच तिन्हीकडचा प्रश्न आहे. लंडनला जाण्यापूर्वी कोलकात्यात त्यांनी पटकी जवळून पाहिली होती आणि परतल्यावर नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात काम सुरू करताच त्यांनी तोच रोग हाती घेतला.

हा रोग कसा दिसतो ते आधी सांगितले पाहिजे. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू पोटात गेल्यावर काही तासांत, फार तर चार-पाच दिवसांत, जुलाब सुरू होतात. ते साधे जुलाब नसतात. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, जवळजवळ वास नसलेले पाणी धो-धो जात राहते आणि तीव्र पटकीत ते तासाला एक लिटरपर्यंत जाऊ शकते. ताप सहसा नसतो आणि पोटात मुरडाही फारसा येत नाही. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाचे डोळे संध्याकाळपर्यंत खोल जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो, हाताच्या बोटांची कातडी सुरकुतते, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, लघवी बंद होते आणि अखेर मनगटाला नाडी लागेनाशी होते. उपचार मिळाले नाहीत तर अशा गंभीर रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावतात. गेलेले पाणी परत भरले तर माणूस वाचतो, हे डॉक्टरांना ठाऊक झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यातच लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून मिठाचे पाणी देऊन मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले होते. परंतु ते पाणी मुळात बाहेर का पडते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

पटकीचा जंतू ठाऊक नव्हता असे नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ साली इजिप्तमार्गे कोलकात्याला आले आणि स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू हे पटकीचे कारण असल्याचे त्यांनी १८८४ साली जाहीर केले. हा जंतू आतड्याबाहेर फारसा जात नाही, मग सारे शरीर कसे कोसळते, असा प्रश्न कॉख यांनाही पडला होता आणि जंतू एखादे विष सोडत असला पाहिजे असा त्यांचा अंदाज होता. तेव्हापासून पाऊणशे वर्षे निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ या विषाच्या मागे लागले, परंतु ते कोणाच्या हाती लागले नाही.

याचे कारण त्यांच्या प्रयोगाच्या रीतीत होते. घटसर्प आणि धनुर्वात यांच्या जंतूंची विषे शोधताना जंतूंचे द्रव प्राण्याच्या कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत टोचले जात आणि प्राणी आजारी पडला की विष सापडले असे मानले जाई. पटकीसाठीही तीच रीत वापरली गेली. टोचलेले प्राणी कधी मरत, कधी जगत, परंतु पटकीचे ते पाणीदार जुलाब त्यांना कधीच होत नसत. शिवाय बहुतेक प्राण्यांना पटकी नैसर्गिकपणे होतच नाही, त्यामुळे जंतू तोंडाने पाजूनही काही हाती लागत नसे. यातून एक मत रूढ झाले की पटकीचे विष जंतूच्या शरीराचाच भाग असते, जंतू मेला आणि फुटला की ते रक्तात मिसळते, आणि त्यामुळे आतड्याचे आतले अस्तर सोलून निघते. शवविच्छेदनात अस्तर खरोखरच सोललेले दिसे, म्हणून हे मत पटण्याजोगेही होते. मृत्यूनंतर काही तासांत ते अस्तर आपोआपच झडते, हा मुद्दा मात्र दुर्लक्षित राहिला.

दे यांनी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला. जंतू आतड्याच्या पोकळीत राहतो आणि पाणीही आतड्याच्या पोकळीतच येते. मग विष रक्तात शोधायचे कशासाठी? ते आतड्यातच घालून पाहिले पाहिजे. हा विचार आज कोणालाही सुचेल इतका साधा वाटतो, परंतु सत्तर वर्षांची वहिवाट बाजूला सारून तो करायला स्वतःच्या निरीक्षणावर विश्वास असावा लागतो आणि माझ्या मते दे यांचे मोठेपण इथेच आहे.

१९५३ साली त्यांनी आपले सहकारी डी. एन. चॅटर्जी यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेला प्रयोग असा होता. प्रौढ सशाला भूल देऊन त्याचे पोट उघडायचे. लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा निवडून त्याच्या दोन्ही टोकांना रेशमी दोरा बांधायचा. तुकडा कापायचा नाही आणि त्याचा रक्तपुरवठाही तोडायचा नाही, फक्त दोन गाठींच्या मध्ये एक बंद पोकळी तयार करायची. तीत बारीक सुईने पटकीच्या जंतूंचे थोडेसे द्रव सोडायचे, आतडे पुन्हा जागच्या जागी ठेवून पोट शिवायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. जंतू सोडलेला तुकडा पाण्याने तट्ट फुगलेला असे आणि आतले पाणी पटकीच्या रुग्णाच्या जुलाबाची आठवण करून देई. जंतू न घालता नुसता जंतू वाढवण्याचा द्रव सोडला तर तुकडा रिकामा व चपटा राही. असाच एक प्रयत्न १९१५ साली झाला होता, पण तो पुढे विस्मरणात गेला आणि या रीतीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती दे यांच्या हातून. तिच्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे ससा, दोरा, सुई आणि सराईत हात. तेव्हाच्या भारतातील वैद्यकीय महाविद्यालयात याहून जास्त काही मिळण्यासारखे नव्हते.

याच सुमारास मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही वेगळ्या वाटेने तोच विचार चालला होता. एन. के. दत्त आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ साली दाखवून दिले की अगदी कोवळ्या, दूधपित्या सशांच्या आतड्यात पटकीचे जंतू सोडले तर त्यांना माणसासारखेच जुलाब होतात. दत्त यांनी पुढे १९५९ साली एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांच्याबरोबर, जिवंत जंतू नसलेल्या द्रवानेही पिल्लांना जुलाब होतात असे प्रसिद्ध केले. कोलकाता आणि मुंबई या दोन्ही शहरांनी पटकीचे तडाखे सोसले होते, आणि याच दोन शहरांतील संशोधक एकाच वेळी उत्तराजवळ पोहोचले.

१९५३ च्या प्रयोगात एक शंका उरत होती. तुकड्यात जिवंत जंतू असल्यामुळे पाणी जंतूंच्या चिकटण्याने येते, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांनी येते की त्यांनी सोडलेल्या एखाद्या पदार्थाने येते, हे ठरत नव्हते. १९५५ साली दे कोलकाता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र व जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि तेथे त्यांनी ही शंका फेडली. पटकीचे जंतू पेप्टोनच्या द्रवात वाढवून त्यांनी तो द्रव गाळला आणि त्यात एकही जंतू उरला नाही याची खात्री केली. मग तो गाळीव द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे तसेच फुगले. म्हणजे जंतू जिवंतपणी एक विष बाहेर सोडतो आणि पाणी खेचून आणायला ते विष एकटेच पुरेसे असते. हा निष्कर्ष सांगणारे दोन पानांच्या आतले टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात मे १९५९ मध्ये छापून आले. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये युजीन गँगारोसा व सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे दिसले. सोललेल्या आतड्याची कल्पना त्यानंतर टिकली नाही.

शाबूत असलेल्या अस्तरातून इतके पाणी कसे येते, याचा उलगडा पुढच्या दोन-तीन दशकांत झाला. आपल्या लहान आतड्यातून रोज आठ-नऊ लिटर द्रव जातो. त्यात आपण प्यायलेले पाणी असतेच, शिवाय लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्वतःचे स्राव असतात. यातला बहुतेक भाग आतडे परत शोषून घेते. म्हणजे आतड्याच्या पेशी एकीकडे पाणी सोडतात आणि दुसरीकडे घेतात, आणि हे दोन्ही व्यवहार मापात चालतात. पटकीचे विष हे माप बिघडवते. विषाच्या रेणूत दोन प्रकारचे भाग असतात. पाच भागांचे एक कडे आतड्याच्या पेशीवरील एका विशिष्ट स्निग्ध रेणूला घट्ट चिकटते आणि सहावा, खरा विषारी भाग त्यामुळे पेशीच्या आत शिरू शकतो. आत शिरल्यावर तो पेशीतील एका नियंत्रक प्रथिनात असा रासायनिक बदल करतो की ते प्रथिन कायम चालू स्थितीत अडकून पडते. नळाची चावी उघडी असताना मोडावी, तसे हे होते. नळ ठीक असतो, नळी ठीक असते, पण बंद करण्याची सोय राहत नाही. त्यामुळे पेशीत चक्रीय एएमपी नावाचा संदेशवाहक रेणू भरमसाट वाढतो, क्लोराइडचे दरवाजे उघडे राहतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतले जाते, त्यामागून सोडियम जाते आणि मिठामागून पाणी जाते. विष लागलेल्या पेशी काही दिवसांत नैसर्गिकपणे गळून नव्या येतात. म्हणून तेवढ्या दिवसांत गेलेले पाणी आणि क्षार भरत राहिले, तर रोगी पूर्ण बरा होतो आणि मागे कसलीही इजा राहत नाही. जंतुनाशक औषधाने जुलाबांचे दिवस कमी होतात, पण जीव वाचतो तो पाण्याने.

जलसंजीवनीचा अर्थही याच शोधामुळे नीट कळतो. ती दे यांनी शोधली नाही. कोलकात्यातील हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच तोंडाने साखर-मिठाचे पाणी देऊन पटकीचे रुग्ण बरे केल्याचे लिहिले होते आणि १९६० च्या दशकात कोलकाता व ढाका येथील संशोधकांनी ती रीत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. परंतु आतड्याचे अस्तर सोलून निघाले असते, तर तोंडाने दिलेले पाणी शोषले जाण्याची आशाच नव्हती. अस्तर शाबूत आहे आणि फक्त सोडण्याचा व्यवहार बिघडला आहे, हे एकदा कळले की शोषण्याच्या बाजूकडे लक्ष जाते. त्या बाजूला ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत घेणारे एक वाहक प्रथिन असते आणि पटकीचे विष त्याला हात लावत नाही. जलसंजीवनीत साखर असते ती चवीसाठी नव्हे, शक्तीसाठीही नव्हे. ती मिठाला आत नेते आणि मिठामागून पाणी आत जाते. आजच्या मान्य प्रमाणात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम साधे मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. म्हणूनच पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवावी. पाणी कमी घेऊन ते दाट केले, किंवा वरून आणखी साखर घातली, तर ते पाणी आतड्यात उलट पाणी ओढू शकते.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सीमेवरच्या बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजवले. एरवी अशा परिस्थितीत शंभरातले वीस-तीस रुग्ण जात असत, तेथे मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३.६ टक्क्यांवर आले. प्रयोगशाळेतले ज्ञान आणि छावणीतला उपचार एकाच प्रदेशात, बारा वर्षांच्या अंतराने घडले, ही बंगालच्या वैद्यकाची केवढी मोठी कामगिरी आहे!

दे यांच्या बांधलेल्या आतड्याच्या रीतीचा उपयोग पटकीपुरता राहिला नाही. त्यांनी स्वतःच १९५६ साली ती ई. कोलाय या जंतूवर वापरली आणि जुलाब झालेल्या रुग्णांकडून मिळालेले त्याचे काही वाण सशाच्या आतड्यात पाणी आणतात असे दाखवले. पुढे कळले की या वाणांचे एक विष पटकीच्या विषाशी फार जवळचे आहे आणि जगभर बालकांना व प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांच्या प्रमुख कारणांपैकी ते एक आहे. लसीच्या विचारालाही वेगळी दिशा मिळाली. दंडात टोचायची जुनी लस रक्तात प्रतिपिंडे तयार करी, पण लढाई आतड्याच्या पृष्ठभागावर होती. तेथे संरक्षण हवे तर लस तोंडाने द्यावी, हे हळूहळू पटत गेले, आणि त्यांपैकी एका लसीत तर मेलेल्या जंतूंबरोबर विषाचे ते पाच भागांचे निरुपद्रवी कडेच घातलेले असते.

एवढे काम करणाऱ्या माणसाला काय मिळाले, हे सांगताना मला आजही वाईट वाटते. विष सापडले तरी ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे दे यांच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात नव्हते. ते काम १९६९ साली अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी पूर्ण केले. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत आणि युरोपात या विषावर निबंधांची रीघ लागली, पण दे स्वतः तोवर या क्षेत्रातून मागे पडले होते आणि १९७३ साली ते मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडले नाही. हा निव्वळ विसर म्हणून सोडून देता येणार नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि संशोधन संस्था यांच्याकडे लक्ष असलेल्या आपल्या विज्ञानव्यवस्थेला, वैद्यकीय महाविद्यालयात तास घेऊन उरलेल्या वेळात सशांवर प्रयोग करणारा प्राध्यापक दिसलाच नाही, असे मला वाटते, आणि महाविद्यालयांतील शिक्षकांबाबत ही दृष्टी आजही पुरेशी बदललेली नाही.

१९७८ साली स्टॉकहोममध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकी आणि तत्सम अतिसारांवर परिसंवाद भरवला, तेव्हा निवृत्त झालेल्या दे यांना आवर्जून बोलावण्यात आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपण मृतच होतो, या परिसंवादाने आपल्याला उकरून बाहेर काढले आहे आणि पुन्हा जिवंत झाल्यासारखे वाटते आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. नोबेल पारितोषिक मिळवलेले जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्या पारितोषिकासाठी दे यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. १५ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी दे यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९० मध्ये, बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला आणि भारतातील बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांच्या कामाची सविस्तर ओळख प्रथम त्या अंकातूनच झाली.